‘क्यूक्यू’चा खटला आणि गैरहजर फिर्यादी

चीनच्या छोट्या मोटारीचा विषय निघाला की भारतातील सुशिक्षित वर्तुळांत दोनच सूर ऐकू येतात. पहिला कुचेष्टेचा. चिनी म्हणजे नकला, चिनी म्हणजे उचलेगिरी. ‘क्यूक्यू’ नावाची मोटार म्हणजे चोरलेली ‘माटिझ’, यापलीकडे त्या देशाच्या कर्तृत्वाची दखल घेण्याची या मंडळींना गरज वाटत नाही. दुसरा सूर स्तुतीचा आहे, आणि तो डाव्या वर्तुळांतूनही निघतो ही खेदाची गोष्ट होय. पाहा, एका मागास प्रांतातील नगरपालिकेने मोटार काढली, अमेरिकी मक्तेदारांना नमविले, आणि वीस वर्षांत तोच देश विजेच्या मोटारीत जगाच्या पुढे गेला. राज्यसंस्थेने मनावर घेतले तर काय होत नाही!

दोन्ही सूर ऐकावयास सोपे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. ज्याला उत्पादनाच्या साधनांची मालकी हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो त्याने या मोटारीची जन्मकथा मुळापासून वाचली पाहिजे. ती वाचली असता असे दिसते की, चोरीची फिर्याद करणाऱ्याचा मालावरचा हक्क स्वतःच्या घामाने मिळविलेला नव्हता, आणि ज्याच्यावर फिर्याद झाली त्याच्या घरातही घाम गाळणाऱ्याला बोलण्याची मुभा नव्हती.

प्रथम ‘माटिझ’विषयी. मोटारीचा तो गोल, डोळे वटारलेला चेहरा कोरियात जन्मला नाही. त्याचे मूळ इटलीत आहे. ज्युजारो यांच्या इटालडिझाईन या संस्थेने फियाट कंपनीच्या ‘चिंक्वेचेंटो’ या लहान गाडीच्या आधारे ‘लुच्चोला’ नावाचा एक नमुना १९९० च्या दशकाच्या आरंभी तयार केला. लुच्चोला म्हणजे काजवा. फियाटने तो काजवा उचलला नाही. मग तो कोरियाच्या देवू उद्योगसमूहाने घेतला, त्यात फेरफार केले आणि १९९८ मध्ये ‘माटिझ’ बाजारात आणली. त्याच वर्षी ती भारतातही आली. दिल्लीजवळ सुरजपूर येथे देवूचा कारखाना होता, आणि ‘माटिझ’ तेथे बनत असे. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर ती पाहिलेले वाचक पुष्कळ असतील.

देवूचे पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. कर्जावर कर्ज काढून जगभर कारखाने थाटणारा हा समूह १९९९ मध्ये कोसळला. त्याचे संस्थापक किम वू-चुंग देश सोडून गेले, २००५ मध्ये परतले, २००६ मध्ये त्यांना हिशेबातील लबाडीबद्दल शिक्षा झाली आणि २००७ अखेरीस माफीही मिळाली. मालकाच्या पापाचे प्रायश्चित्त मात्र तुरुंगात झाले नाही. ते बुप्योंगच्या कारखान्याच्या फाटकावर आधीच होऊन गेले होते. फेब्रुवारी २००१ मध्ये तेथील सुमारे १,७५० कामगारांना कामावरून काढण्यात आले. संपाला व ठिय्या आंदोलनाला उत्तर म्हणून पोलीस घुसविण्यात आले, आणि त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात निःशस्त्र कामगारांना झालेल्या मारहाणीची चित्रफीत साऱ्या कोरियाने पाहिली. ही कपात कशासाठी होती हे कोणीही लपवीत नव्हते. कंपनी विकावयाची होती आणि ग्राहकाला ती हलकी करून हवी होती.

ग्राहक म्हणजे अमेरिकेची जनरल मोटर्स. २००२ मध्ये नव्या ‘जीएम देवू’ कंपनीचा ४२ टक्क्यांहून किंचित अधिक हिस्सा तिने सुमारे २५ कोटी डॉलरमध्ये घेतला. ‘माटिझ’ जेथे बनत असे तो चांगवोनचा कारखाना तिने घेतला. ज्या बुप्योंगमध्ये कामगारांच्या डोक्यांत काठ्या बसल्या होत्या तो मात्र प्रथम बाजूस ठेवला आणि २००५ मध्ये अटी पूर्ण झाल्यावर पदरात घेतला. काढलेल्यांपैकी अनेकांना पुढील काही वर्षांत परत घेण्यात आले, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे. भारतातील सुरजपूरचा कारखाना मात्र तिने घेतला नाही. तेथील कामगारांचे नशीब त्यांच्यापाशीच राहिले. अशा रीतीने इटलीत रेखाटलेली, फियाटने नाकारलेली, कोरियन कामगाराने घडविलेली आणि कोरियन बँकांच्या बुडीत कर्जाने पोसलेली ही मोटार अमेरिकेच्या मालकीची झाली. ‘बौद्धिक संपदा’ हा शब्द या घटकेपासून कथेत शिरतो. त्याआधी ती नुसती मोटार होती.

आता चीनकडे वळू.

आनह्वी हा यांगत्झे नदीकाठचा प्रांत दारिद्र्यासाठी ख्यात. १९७८ मध्ये सामुदायिक शेतीचे बंधन झुगारून देऊन शेते वाटून घेणारे श्याओगांग हे गाव याच प्रांतातले. येथील माणसे मजुरीसाठी किनाऱ्यावरील शहरांत जात. एके काळी तांदळाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले वूहू शहरही अशाच मागास नशिबाचे. तेथील नगरशासनाने १९९० च्या दशकाच्या मध्यास मोटार कारखाना काढावयाचे ठरविले. हे ठरविणे नियमाविरुद्ध होते, ही बाब स्तुतिपाठक सोयीस्करपणे गाळतात.

बीजिंगच्या नियोजनकर्त्यांनी प्रवासी मोटारींचे क्षेत्र मोजक्या घराण्यांना वाटून दिले होते. ‘तीन मोठे, तीन छोटे, दोन सूक्ष्म’ असे त्या धोरणाचे नावच होते. तीन मोठ्यांत चांगछुनचा पहिला कारखाना, दुसरा मोटार कारखाना आणि शांघाय. छोट्यांत बीजिंग, त्यांजिन व ग्वांगचौ. सूक्ष्मांत छोंगछिंगचा चांगआन आणि ग्वेईचौचा एक. यातील बहुतेकांनी परकी कंपनीशी भागीदारी केली होती. ‘बाजारपेठ द्यावी, तंत्रज्ञान घ्यावे’ हा सौदा होता. फोक्सवॅगनची ‘सांताना’ शांघायमध्ये १९८० च्या दशकापासून निघत होती. त्यांजिनची ‘श्याली’ म्हणजे जपानी दाईहात्सूची ‘शाराद’, आणि चांगआनची छोटी गाडी म्हणजे सुझुकीची ‘आल्टो’, अर्थात भारतातील ‘मारुती ८००’ची सख्खी बहीण. बाजारपेठ गेली, तंत्रज्ञान किती आले हा प्रश्न चीनमधीलच विचारवंत पुढे विचारू लागले. पेकिंग विद्यापीठाचे लू फेंग यांनी या भागीदाऱ्यांमुळे देशी अभियंत्याची रचना करण्याची शक्तीच खुंटली, असा मुद्दा २००० च्या दशकाच्या मध्यास आग्रहाने मांडला. परकी आराखड्यात एक खिळा बदलावयाचा तरी परवानगी लागे, मग शिकणार काय? लायसन्सच्या राज्यात दशके काढलेल्या भारतीय वाचकाला हे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

वूहूचे नाव या यादीत नव्हते. म्हणून १९९७ मध्ये जी कंपनी निघाली तिने मोटारीचे नावही घेतले नाही. सुट्या भागांचा उद्योग या नावाखाली ती नोंदली गेली. ब्रिटनमधील फोर्डच्या एका जुन्या इंजिन कारखान्याची यंत्रे तिने अडीच कोटी डॉलरला विकत घेतली. चांगछुनच्या फोक्सवॅगन भागीदारीत काम केलेले यिन थोंगयाओ हे अभियंते आपल्या प्रांतात परतले आणि त्यांनी सूत्रे हाती घेतली. माळरानावरील काही कौलारू-गवताळ घरांत कचेरी थाटलेली होती. कंपनीच्या दंतकथांत त्या झोपड्यांचे आजही कौतुक चालते. पहिले इंजिन मे १९९९ मध्ये आणि पहिली मोटार त्याच वर्षी डिसेंबरात बाहेर पडली. तिचा सांगाडा स्पेनच्या ‘सीआट टोलेडो’चा होता.

परंतु सरकारी सूचीत नाव नसल्यामुळे ती देशभर विकता येईना. वूहूतल्या टॅक्सीवाल्यांना गाड्या देऊन काही काळ निभावले. अखेर २००१ मध्ये कंपनीने आपले २० टक्के भाग शांघायच्या सरकारी मोटार उद्योगाला, म्हणजे ‘सायक’ला, देऊन टाकले. मोबदल्यात पैसा नव्हे, सूचीत शिरण्याचा परवाना मिळाला. परवाना राजवटीत लाच कशी द्यावी लागते हे जाणणाऱ्यांनी या सौद्याला काय म्हणावे ते स्वतःच ठरवावे. एवढे खरे की, तो उघड व्यवहार होता आणि दोन्ही पक्ष सरकारी होते.

याच कंपनीचे नाव चेरी, आणि २००३ मध्ये तिने बाजारात आणलेली छोटी मोटार म्हणजे ‘क्यूक्यू’. किंमत ४९,८०० युआनपासून. त्या वेळच्या हिशेबाने पावणेतीन लाख रुपयांच्या आसपास. मोटारीच्या घडणीचे पुष्कळसे काम एका मोठ्या सरकारी मोटार उद्योगाच्या तंत्रविभागातून बाहेर पडून वूहूला आलेल्या तरुण अभियंत्यांनी केले. मूळ संस्थेत परकी भागीदारी झाल्यावर त्यांना करण्यासारखे काही उरले नव्हते. तरुण कारकून, शिक्षिका, छोटे दुकानदार यांनी ‘क्यूक्यू’वर उडी घेतली. दहा वर्षांत तिचा खप दहा लाखांच्या वर गेला.

आणि ती दिसावयास थेट ‘माटिझ’ होती.

याविषयी आडपडदा ठेवण्याचे कारण नाही. ज्याने दोन्ही गाड्या शेजारी उभ्या पाहिल्या आहेत त्याला साम्य सिद्ध करण्यासाठी न्यायाधीशाची गरज नाही. जनरल मोटर्सचे म्हणणे असे की, एकीचे दार दुसरीला बसते. तीच ‘माटिझ’ जनरल मोटर्स डिसेंबर २००३ मध्ये ‘शेव्हरोले स्पार्क’ या नावाने चीनमध्ये आणणार होती, आणि काही महिने आधी ‘क्यूक्यू’ कमी किमतीत येऊन बसली. ‘स्पार्क’ महाग ठरली व मागे पडली. डिसेंबर २००४ मध्ये जीएम देवूने शांघायच्या न्यायालयात दावा लावला. पुढे तो बीजिंगला गेला. चिनी अधिकाऱ्यांनी तत्पूर्वीच सूचित केले होते की, रचनेचे संरक्षण चीनमध्ये रीतसर घेतलेले नसेल तर तक्रार टिकणे कठीण. अमेरिकेत चेरीच्या गाड्या विकण्याची योजना २००५ च्या आरंभी जाहीर होताच ‘चेरी’ हे नाव ‘शेवी’सारखे ऐकू येते असाही आक्षेप निघाला. शेवटी नोव्हेंबर २००५ मध्ये उभय पक्षांनी तडजोड केली. अटी गुप्त राहिल्या.

गुप्ततेचे कारण कळावयाचे तर ‘सायक’कडे पाहावे. फिर्यादी जीएम देवूचे १० टक्के भाग ‘सायक’कडे होते. ‘स्पार्क’ बनविणाऱ्या ल्यूजौ येथील संयुक्त कंपनीचे ५०.१ टक्के भाग ‘सायक’कडे होते. आणि ‘क्यूक्यू’ जन्माला आली त्या काळात आरोपी चेरीचेही २० टक्के भाग ‘सायक’च्याच नावावर होते, ते तिने नंतर सोडले. म्हणजे फिर्यादीच्या ओसरीवर, आरोपीच्या माजघरात आणि पंचांच्या पंगतीत एकच पाहुणा जेवत होता. ज्यांना हा खटला म्हणजे अमेरिकी भांडवल आणि चिनी समाजवाद यांच्यातील धर्मयुद्ध वाटते त्यांनी हा एवढा आकडेमोडीचा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.

तेव्हा चोरी झाली की नाही? नक्कल झाली. परंतु नक्कल हा उद्योगधंद्यांच्या इतिहासातील अपवाद नव्हे, बालपण आहे. ब्रिटनच्या गिरणीयंत्रांच्या नकलांवर अमेरिकेतील कापडउद्योग उभा राहिला. जपानी मोटारींनी आरंभी ब्रिटिश व अमेरिकी गाड्या उघडून पाहिल्या. ‘ह्युंदाई’ने मित्सुबिशीकडून धडे गिरविले. जो पुढे गेला त्याने शिडी वर ओढून घेतली आणि शिडीला पेटंट असे नाव दिले. जनरल मोटर्सला ‘माटिझ’ची रेषा न् रेषा आपली वाटते, पण ती रेषा काढणारा तुरीनचा रेखाटनकार, ती पत्र्यात उतरविणारा चांगवोनचा साचेकार, त्या कंपनीच्या विक्रीसाठी घरी बसविलेला बुप्योंगचा जोडारी यांपैकी कोणाचेही नाव मालकीच्या कागदावर नाही. २५ कोटी डॉलरच्या पावतीने जो हक्क मिळतो तो पवित्र, आणि हाताने शिकून जो मिळवावयाचा तो गुन्हा, असा हा न्याय आहे.

येथवर वूहूची बाजू. परंतु येथेच थांबून टाळ्या वाजविणाऱ्यांशीही दोन हात करणे भाग आहे.

काही समाजवादी मित्रांना वूहूच्या उदाहरणात डॉ. लोहियांच्या चौखंबा राज्याचा आणि लहान यंत्राचा साक्षात्कार होतो. केंद्राने नाही म्हटले, जिल्ह्याने करून दाखविले; विकेंद्रित सत्तेचा विजय तो हाच! या उत्साहाला विरजण घालावे लागेल. चौखंबा राज्यात गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र हे चार खांब लोकांनी निवडलेले असावयाचे. वूहूत नगराच्या पक्षसमितीचे सचिव चान श्यालाय हेच कंपनीचे अध्यक्ष होते. जमीन कोणाची घ्यावयाची, तिजोरीतून किती पैसा द्यावयाचा, टॅक्सी कोणती चालेल, आणि तक्रार झाली तर ती कोणाकडे जाईल, या चारही प्रश्नांची उत्तरे एकाच टेबलावर मिळत. त्या टेबलामागील माणूस कर्तबगार होता यात शंका नाही. पण तो चुकला असता तर वूहूच्या नागरिकाजवळ त्याला खाली उतरविण्याचे साधन नव्हते. मोटार धावली म्हणून ते बरोबर ठरत नाही. शेजारच्या कितीतरी शहरांनी असेच धाडस केले आणि त्यांचे कारखाने गंजले. त्यांच्या सचिवांवर कोणी पोवाडे लिहीत नाही, आणि त्यांच्या बुडालेल्या पैशाचा हिशेबही कोणी मागितला नाही.

सार्वजनिक मालकी आणि लोकांची मालकी यांतील अंतर जेथे पुसले जाते तेथे कामगाराचा पत्ता प्रथम कटतो. चीनच्या १९७५ आणि १९७८ च्या राज्यघटनांत संपाचे स्वातंत्र्य लिहिलेले होते. १९८२ च्या घटनेतून ते काढून टाकण्यात आले. कामगारांचे राज्य असताना कामगाराने कोणाविरुद्ध संप करावयाचा, हा युक्तिवाद! मान्य संघटना एकच, आणि तीही पक्षाची. त्यामुळे मे २०१० मध्ये फोशान शहरातील होंडाच्या गिअरपेटीच्या कारखान्यात तरुण कामगारांनी काम थांबविले तेव्हा त्यांच्यापाशी ना घटनेचे कलम होते, ना स्वतःची युनियन. उलट स्थानिक अधिकृत संघटनेच्या माणसांशीच त्यांची झटापट झाली. तरीही होंडाचे चीनमधील जुळणीचे कारखाने बंद पडले आणि पगारवाढ द्यावी लागली. बुप्योंगच्या कामगाराला काठी खाऊनही संघटना होती, न्यायालय होते, पुढे परत घेण्याची मागणी चालू ठेवता आली. फोशानच्या कामगाराला जे मिळाले ते केवळ धैर्याने. ज्यांना चिनी नमुना भारतात आणावासा वाटतो त्यांना नेमके हेच वैशिष्ट्य हवे असते, मोटार नव्हे. ‘चीनमध्ये पहा, कामगार कायद्यांची कटकट नाही’ हे वाक्य उद्योगपतींच्या परिषदांत कोणत्या ओढीने उच्चारले जाते ते कार्यकर्त्यांनी अनेकदा ऐकले आहे.

आणि ज्या सामान्य माणसासाठी ही मोटार, त्याला चिनी शहरांनी कसे वागविले? ‘क्यूक्यू’ गाजत होती त्याच काळात देशातील ऐंशीहून अधिक शहरांनी छोट्या इंजिनाच्या गाड्यांना मुख्य रस्त्यांवर बंदी वा बंधने घातलेली होती. त्या सावकाश जातात, धूर सोडतात, वाहतूक तुंबवितात, अशी कारणे दिली जात. खरे कारण ते नव्हे. रुंद राजमार्गावरून काळ्या सरकारी मोटारी जाव्यात आणि त्यांच्यात पत्र्याची डबडी दिसू नयेत, ही शोभेची कल्पना होती. तेलाचे भाव चढले, आयात डोळ्यांत भरू लागली, तेव्हा जानेवारी २००६ मध्ये केंद्राच्या खात्यांनी फर्मान काढून मार्चअखेर ही बंधने उठविण्यास सांगितले. ‘जनता’ हा शब्द ज्या प्रजासत्ताकाच्या नावातच आहे त्याच्या शहरांत जनतेच्या मोटारीला राजरस्ता मिळावयास तेलाची टंचाई व्हावी लागली.

कथेचा उत्तरार्ध ल्यूजौत घडतो. ग्वांग्शी या झ्वांग लोकांच्या स्वायत्त प्रदेशातील हे औद्योगिक शहर. तेथील कारखाना मुळात ट्रॅक्टरचा. १९८० च्या दशकात त्याने जपानी नमुन्यावरून लहान मालगाड्या काढल्या. २००२ मध्ये ‘सायक’ आणि जनरल मोटर्स यांनी त्यात भांडवल घातले, आणि ‘स्पार्क’ची फजिती झाली ती याच कारखान्याची. मात्र त्याच्या वूलिंग गाड्या खेडोपाडी खपल्या. जुलै २०२० मध्ये याच कंपनीने ‘होंगग्वांग मिनी’ ही विजेची मोटार आणली. लांबी तीन मीटरांहून कमी, किंमत २८,८०० युआनपासून, म्हणजे साधारण तीन लाख रुपये. एका भारणीत १२० किलोमीटर, अधिक मोठ्या बॅटरीवर १७०. घरातल्या साध्या खटक्यावर भारता येते. २०२१ मध्ये जवळजवळ चार लाख गाड्या विकल्या गेल्या आणि चीनमध्ये विजेच्या मोटारींत ती पहिली आली.

या यशाची चिरफाड व्हावयास हवी, कारण त्यात शिकण्याजोगे आहे आणि फसण्याजोगेही आहे. शिकण्याजोगे असे की, ल्यूजौ नगरशासनाने कंपनीच्या आधीच्या ‘बाओजुन ई-१००’ या २०१७ च्या लहान विजेच्या गाडीपासून हजारो नागरिकांना गाडी वापरून पाहावयास दिली, त्यांच्या तक्रारी ऐकल्या, फुटपाथालगतच्या कोपऱ्यांत लहान वाहनतळ व खटके बसविले. वस्तू आधी आणि जाहिरात नंतर, हा क्रम भांडवली बाजारात दुर्मीळ. शिवाय खरेदीवरचे केंद्राचे रोख अनुदान या गाडीला नव्हते. लांब पल्ल्याच्या महाग गाड्यांनाच ते मिळे. अर्थात गरिबाच्या गाडीला शून्य आणि श्रीमंताच्या गाडीला सरकारी मदत, हा विपर्यास तेथेही होताच.

फसण्याजोगे ते पुढे. तीन लाखांत मोटार परवडते कशी? एक कारण, काटकसर. आरंभीच्या स्वस्त आवृत्तीत एअरबॅगसुद्धा नव्हती. म्हणजे काटकसरीचा एक हिस्सा बसणाऱ्याच्या छातीवर ठेवलेला होता. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. एप्रिल २०१८ पासून चीनमध्ये अमलात आलेल्या नियमानुसार पेट्रोलच्या गाड्या बनविणाऱ्याला ठराविक प्रमाणात विजेच्या गाड्यांचे ‘गुण’ मिळवावे लागतात, आणि कमी पडले तर दुसऱ्याकडून विकत घ्यावे लागतात. छोट्या विजेच्या गाड्या लाखांनी काढल्या की गुणांचा ढीग होतो. हे गुण मोठ्या पेट्रोल गाड्यांच्या पापक्षालनासाठी कामी येतात. म्हणजे ल्यूजौची चिमुकली मोटार जेवढी धूर वाचविते तेवढा धूर सोडण्याचा परवाना दुसऱ्या कोणाच्या अवजड गाडीला मिळतो. गंगा भागीरथीला नेण्याचा हा प्रकार बाजाराला शोभतो. त्याला पर्यावरणाचा समाजवाद म्हणणे हा भोळेपणा झाला. शिवाय चार लाख मोटारी म्हणजे चार लाख वाहनतळ. ज्या शहरात बस वेळेवर येते तेथे शिक्षिकेला मोटार घेण्यावाचून गत्यंतर नाही असे होत नाही.

आणि एक गंमत. डिसेंबर २०२१ मध्ये चेरीने ‘क्यूक्यू आइस्क्रीम’ नावाची विजेची मोटार काढली. ती दिसावयास ‘होंगग्वांग मिनी’च्या जवळची. किंमत २९,९०० युआनपासून. अठरा वर्षांपूर्वीचा आरोपी पुन्हा त्याच फिर्यादीच्या गोतावळ्यातील गाडीच्या मागे उभा होता. या वेळी मोठा गाजावाजा झाला नाही. चोरीचा आक्रोश कोणत्या वेळी करावयाचा हेही भांडवलाच्या सोयीनेच ठरते.

या कथेचे धागेदोरे महाराष्ट्राच्या दारापर्यंत येतात, म्हणून ती परक्यांची म्हणून सोडून देता येत नाही. ‘माटिझ’च्या पुढल्या पिढीची मोटार जनरल मोटर्सने २००७ मध्ये ‘स्पार्क’ या नावाने भारतात आणली. प्रथम ती गुजरातेतील हालोलला बनली, आणि २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावचा कारखाना सुरू झाला तो याच गाडीवर. ज्या रेषांच्या मालकीसाठी बीजिंगच्या न्यायालयात भांडण झाले त्यांच्या वंशातील पत्रा मावळातल्या पोरांनी वळविला. २०१७ मध्ये जनरल मोटर्सने भारतातील विक्री थांबविली. हालोलचा कारखाना ‘सायक’ने घेतला, आणि तेथे २०२३ पासून ‘एमजी कॉमेट’ ही छोटी विजेची मोटार निघू लागली. तिचा सांगाडा वूलिंगचा. ल्यूजौची मोटार इंग्रजी नाव लावून गुजरातेत आली, आणि ‘चिनी नकला’ म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी ती हौसेने विकत घेतली.

तळेगावचे तसे झाले नाही. २०२० च्या आरंभी तो कारखाना ग्रेट वॉल या चिनी कंपनीस विकण्याचे ठरले. सीमेवरील तणावानंतर चिनी भांडवलास केंद्र सरकारची परवानगी मिळेना, आणि २०२२ मध्ये तो व्यवहार मोडला. दरम्यान डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले होते, आणि एप्रिल २०२१ मध्ये, महामारीच्या ऐन लाटेत, चौदाशेच्या वर कामगारांच्या हाती कामबंदीच्या नोटिसा पडल्या. कामगार संघटनेने न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या. या काळात दिल्लीत राष्ट्रभक्तीची भाषणे झाली, डेट्रॉइटमध्ये ताळेबंद झाले. ‘आत्मनिर्भर’ शब्दाची जाहिरात करणाऱ्या सरकारला तळेगावच्या जोडाऱ्याला चार महिन्यांचा पगार कोठून मिळणार हे सांगता आले नाही. आणि चिनी भांडवल आले असते तर त्याला युनियन मिळाली असती, असे म्हणणाऱ्यालाही पुरावा देता येणार नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘ह्युंदाई’ने तळेगावच्या कारखान्यासाठी करार केला आणि जानेवारी २०२४ मध्ये ताबा घेतला. काय काय विकत घेतले त्याची यादी कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केली: जमिनीवरील हक्क, इमारती, आणि काही यंत्रसामग्री.